उपास सोडला तर धर्म मोडतो का?

समजा, ठाण्यातलं एक घर आहे. संध्याकाळचे साडेपाच वाजले आहेत. सगळे लवकर जेवायला बसले आहेत, कारण सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं आहे. एकदा दिवस मावळला की दुसऱ्या दिवशी रात्री आकाशात चांदण्या दिसेपर्यंत कुणी काही खाणार नाही, पाण्याचा घोटही घेणार नाही. आजोबा ७२ वर्षांचे आहेत आणि गेली १६ वर्षं त्यांना मधुमेह आहे. सून त्यांच्या ताटाशेजारी गोळ्यांची डबी ठेवते आणि हळूच विचारते, "बाबा, उद्या सकाळी थोडं काही खाऊन गोळी घ्याल ना?" आजोबा मान वर न करता म्हणतात, "तेराव्या वर्षापासून हा उपास चुकवला नाही मी. आता म्हातारपणी मोडू?"

पुढे कुणी काही बोलत नाही.

तुमच्या घरी असं कधी झालंय का? सण वेगळा असेल. एकादशी असेल, नवरात्र असेल, रमजानचा रोजा असेल, नाहीतर पर्युषणातला उपास. पण मधुमेह असलेलं वडीलधारं माणूस आणि त्याला दुखवायला न धजणारं घर, हे चित्र बहुतेकांच्या ओळखीचं आहे. ज्यू धर्मशास्त्रात या प्रश्नावर फार पूर्वीपासून आणि फार बारकाईने विचार झालेला आहे. इतका, की तो वाचल्यावर आजोबांपेक्षा सुनेचीच बाजू जास्त धार्मिक वाटू लागते.

मराठी बोलणारे ज्यू

ठाण्यातलं घर मुद्दाम घेतलं. ज्यू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लांबचा देश येतो, पण कोकणात शेकडो वर्षांपासून मराठी बोलणारे ज्यू राहत आले आहेत. त्यांना बेने इस्राएल म्हणतात. पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं आणि वाचलेली माणसं तिथेच राहिली, असं त्यांची परंपरा सांगते. गावोगावी ते तेलाचे घाणे चालवत. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, घाणा बंद असे, म्हणून शेजारचे लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावंही गावांवरून पडली. पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी. १९४८ मध्ये इस्राएल देश झाला आणि पुढच्या काही दशकांत बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. आता भारतात सगळे मिळून काही हजार ज्यू उरले आहेत आणि त्यांतले बरेचसे मुंबई-ठाण्यात आहेत.

त्यांच्या सणांना जुनी मराठी नावं आहेत. नवीन वर्षाचा सण, हिब्रूत रोश हशाना, तो नव्याचा सण. त्यानंतर दहाव्या दिवशी येतो योम किप्पुर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. बेने इस्राएल लोक त्याला दारफाळणीचा सण म्हणत आले. त्या दिवशी दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, बाहेरच्या कुणात मिसळायचं नाही आणि देवापुढे उभं राहायचं. वर्षातला सर्वांत मोठा उपास हाच. आजोबांना तो का सोडवत नाही हे समजण्यासारखं आहे. त्यांच्या वडिलांनी तो केला, आजोबांनी केला. गावात दुसरं एकही ज्यू घर नसलं तरी केला.

हा उपास साबुदाण्याचा नाही

डॉक्टरांना नुसतं "उद्या उपास आहे" असं सांगितलं, तर बहुतेक डॉक्टर म्हणतील, "बरं, साबुदाणा आणि बटाटा जरा कमी खा." आपल्याकडे उपास म्हटलं की खिचडी, रताळं, वरीचे तांदूळ, राजगिऱ्याचा लाडू डोळ्यांपुढे येतो. खरं तर मधुमेहींना उपासाच्या दिवशी साखर वाढण्याचा धोका जास्त!

दारफाळणीचा उपास तसा नाही. तो सुमारे २५ तासांचा असतो आणि त्यात पाणीही चालत नाही. रोज्याशी तुलना केली तर रोजा पहाटे सुरू होऊन सूर्यास्ताला सुटतो, आणि पहाटे सहेरीला खाता येतं. इथे रात्रही उपासात जाते आणि पुढचा पूर्ण दिवसही. त्यात सिनेगॉगमध्ये दिवसभर प्रार्थना चालते आणि बराच वेळ उभं राहावं लागतं. सप्टेंबर-ऑक्टोबरचा उकाडा असतो तो वेगळाच.

अशा वेळी शरीरात काय होतं? निरोगी माणसाचं यकृत साठवलेली साखर थोडी थोडी रक्तात सोडतं आणि शरीर आपलं इन्सुलिन आपोआप कमी करतं. पण मधुमेही माणसाने गोळी घेतलेली असेल किंवा इंजेक्शन टोचलेलं असेल, तर ते औषध जेवणाची वाट पाहत थांबत नाही. ते आपलं काम करत राहतं. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांच्यामुळे साखर ७० च्या खाली जाऊ शकते. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, छातीत धडधडतं, माणूस चिडचिडा होतो किंवा गोंधळल्यासारखं बोलू लागतो. सगळ्यात वाईट म्हणजे, उपासाच्या दिवशी आजूबाजूचे लोक म्हणतात, "उपासाने गळून गेलेत, जरा पडू दे त्यांना." पडू द्यायचं नसतं. साखर तपासायची असते.

उलट बाजूही आहे. उपास आहे म्हणून इन्सुलिनच बंद केलं, तर टाइप १ मधुमेहात काही तासांतच रक्तात विषारी आम्लं साठू लागतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनाही पाण्याशिवाय राहण्यात असाच धोका असतो, कारण या गोळ्या लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतात. त्यामुळे "उद्या गोळी नको" हा निर्णय घरच्या घरी घ्यायचा नसतो आणि "उद्या गोळी नेहमीसारखी" हासुद्धा नाही.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. योम किप्पुरला कातडी पायताण घालायचं नसतं. मग काही जण दिवसभर अनवाणी वावरतात. मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी झालेली असेल, तर एखादा खडा किंवा फरशीची टवका उडालेली कड कधी लागली ते रात्रीपर्यंत कळतच नाही. बंदी फक्त कातड्यावर आहे. कापडी किंवा रबरी बूट चालतात. तेव्हा ते आठवडाभर आधीच आणून ठेवा. नवा बूट सणाच्या दिवशी पहिल्यांदा घालायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

धर्मशास्त्र कुणाचं ऐकतं?

आजोबांच्या मनात असं आहे की धर्म एकीकडे आणि डॉक्टर दुसरीकडे. ज्यू धर्मशास्त्रात मात्र ही विभागणी नाही.

मिश्ना हा ज्यू कायद्याचा संग्रह सुमारे १८०० वर्षांपूर्वी तयार झाला. त्यातला 'योमा' नावाचा भाग याच दिवसाविषयी आहे. त्याच्या शेवटच्या प्रकरणात आजारी माणसाचा प्रश्न सरळ हाताळलेला आहे. जाणकार वैद्य सांगत असतील तर आजाऱ्याला खायला द्यायचं. वैद्य जवळ नसतील तर आजारी माणूस स्वतः मागेल तेव्हा द्यायचं आणि तो पुरे म्हणेपर्यंत द्यायचं.

यावर तालमूद या ग्रंथात जी चर्चा आहे ती ऐकण्यासारखी आहे. समजा आजारी माणूस म्हणतो मला खायला हवं, आणि वैद्य म्हणतो गरज नाही. कुणाचं ऐकायचं? आजाऱ्याचं, कारण आपल्या जिवाचं दुखणं ज्याचं त्यालाच कळतं. आता उलट. वैद्य म्हणतो खायला हवं आणि आजारी म्हणतो मला गरज नाही. मग? मग वैद्याचं. म्हणजे आमचे आजोबा जे म्हणतात, "मला काही होत नाही," ते वाक्य शास्त्राला चांगलंच ठाऊक होतं, आणि नेमक्या त्याच ठिकाणी शास्त्राने त्यांचा शब्द बाजूला ठेवला आहे.

या सगळ्यामागे एक तत्त्व आहे. हिब्रूत त्याला पिकुआख नेफेश म्हणतात, जीव वाचवणं. देवाच्या आज्ञा माणसाने जगावं म्हणून दिल्या आहेत, मरावं म्हणून नाही, असा लेवीय या पुस्तकातल्या एका वचनाचा अर्थ जुन्या पंडितांनी लावला. त्यामुळे मूर्तिपूजा, खून आणि व्यभिचार या तीन गोष्टी सोडल्या तर जिवावर बेतल्यावर बाकीचे जवळजवळ सगळे नियम मागे पडतात. नुसते मागे पडतात असंही नाही. जिवाला धोका असताना खाणं हेच त्या दिवशीचं कर्तव्य ठरतं. अशा माणसाने उपास धरला तर त्याला पुण्यवान म्हणत नाहीत.

याच प्रकरणात एक जुना शब्द येतो, बुल्मुस. एकाएकी येणारी अशी भूक की डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा माणसाला जे हाती लागेल ते खाऊ घालायचं, एरवी निषिद्ध असलेलंही, त्याच्या डोळ्यांत पुन्हा तेज येईपर्यंत. आणि तालमूद सांगतो की त्याला मध आणि गोड पदार्थ द्यावेत. तेव्हा ग्लुकोमीटर नव्हता, इन्सुलिन नव्हतं, साखर कमी होणं म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं. बुल्मुस म्हणजे आपला हायपोग्लायसेमियाच होता असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण उपाय बघा, आज डॉक्टर सांगतात तोच.

१८४८ मध्ये विल्ना शहरात कॉलराची साथ होती. तिथले नामवंत रब्बी इस्राएल सालांतर यांनी लोकांना त्या वर्षी उपास करू नका असं जाहीर आवाहन केलं. त्यांनी स्वतः सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर खाल्लं, अशीही आठवण सांगितली जाते. ती खरी असेल किंवा लोकांनी रंगवलेली असेल, पण तिच्यातली गोम अशी आहे की परवानगी नुसती तोंडाने देऊन भागत नाही. खाणाऱ्याची लाज कुणीतरी घालवावी लागते.

थोडं थोडं खाण्याची सोय

आता आजोबांना आवडेल अशी गोष्ट. शास्त्राने मधला मार्गही ठेवला आहे.

योम किप्पुरचा उपास मोडला असं कधी समजायचं, तर एका मोठ्या खजुराएवढं अन्न थोडक्या वेळात पोटात गेलं तर. त्याहून कमी खाल्लं आणि मध्ये अंतर ठेवलं तर पूर्ण उपास मोडल्यासारखं होत नाही. एरवी हेही चालत नाही, पण आजारी माणसाला ही सवलत आहे. आजकाल अनेक रब्बी सांगतात की एका वेळी साधारण ३० मिलीलिटर आकारमानापेक्षा कमी खावं आणि पुढच्या घासाआधी ९ मिनिटं थांबावं. पिण्याचं माप माणसागणिक वेगळं असतं. एक गाल भरेल त्याहून कमी. म्हणून आदल्या दिवशी तोंडात पाणी भरून ते कपात काढतात आणि मोजून कपावर खूण करून ठेवतात.

तुम्हाला हे वेळकाढू वाटेल. पण मधुमेही माणसाच्या बाबतीत हे किती सोयीचं आहे पाहा. एकदम पोटभर न खाता दर ९ मिनिटांनी थोडं थोडं, म्हणजे साखर एकदम चढत नाही आणि खालीही जात नाही. आणि आजोबांच्या मनाला वाटतं की मी अजून त्या दिवसाच्या आतच आहे.

इथे एक गोष्ट अगदी स्पष्ट हवी. साखर ७० च्या खाली गेली असेल किंवा माणूस थरथरत असेल, गोंधळला असेल, तर माप नाही आणि घड्याळ नाही. लगेच १५ ग्रॅम साखर पोटात जायला हवी. तीन चहाचे (छोटे) चमचे नुसती साखर पाण्यात विरघळवून किंवा ग्लुकोज पावडर. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमीच असेल तर पुन्हा द्यायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. त्यासाठी फोन करणं, गाडी चालवणं, सगळं चालतं.

भारतात कायम राहणारे रब्बी फार थोडे. पूर्वीही बेने इस्राएल लोकांची प्रार्थना हजान चालवत आणि बाकीचे प्रश्न ज्येष्ठ मंडळी सोडवत. त्यामुळे या बाबतीत घरच्या डॉक्टरांचा शब्द अधिकच महत्त्वाचा. सणाच्या तीन-चार आठवडे आधी त्यांच्याकडे जा आणि त्यांना साध्या शब्दांत सांगा: २५ तास, पाणीही नाही, रात्र धरून. मग विचारा, यांनी उपास केला तर चालेल का? चालत नसेल तर ते वाक्य डॉक्टरांनी आजोबांच्या तोंडावर म्हणावं असा आग्रह धरा. सुनेच्या तोंडून ते सल्ला वाटतं, डॉक्टरांच्या तोंडून तो निर्णय होतो, आणि शास्त्र त्या निर्णयाच्या बाजूने उभं राहतं. आहारावर आणि नुसत्या मेटफॉर्मिनवर साखर आटोक्यात असलेल्या काहींना डॉक्टर उपासाची परवानगी देतीलही. मग कधी तपासायचं, किती आकडा आला की सोडायचं, हे कागदावर लिहून घ्या. बोट टोचल्याने उपास मोडत नाही. सिनेगॉगला जाऊन दगदग होणार आणि खावं लागणार असेल, त्यापेक्षा घरी पडून उपास निभत असेल, तर घरी राहा, असाही रब्बींचा सल्ला असतो. आजोबांना हे सगळ्यात जड जाईल, कारण त्यांना उपासाइतकीच त्या बाकावर बसण्याची ओढ असते.

सणाचं ताट

उपासाआधीचे दहा दिवस मात्र गोडाचे. नव्याच्या सणाला मधात बुडवलेलं सफरचंद, आणि बेने इस्राएल घरात चिकाचा हलवा हवाच. गहू भिजवून, वाटून त्याचा चीक काढायचा, त्यात नारळाचं दूध आणि साखर घालून तासन्‌तास ढवळायचं. नारळाचं दूध का? कारण कोशर नियमाप्रमाणे मटणाच्या जेवणाबरोबर दुधाचं काही खाता येत नाही, आणि कोकणात नारळाला काय तोटा! दर शुक्रवारी संध्याकाळी किद्दुशची प्रार्थना होते. तिला द्राक्षारस लागतो. कोकणात तो कुठून मिळणार, म्हणून काळ्या मनुका भिजवून त्यांचं सरबत करण्याची रीत पडली. शिवाय लग्न, बारसं, नवस फेडणं, आजारातून उठणं, अशा प्रत्येक प्रसंगी मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची आणि भोवती फळं मांडून एलियाहू हन्नबीची आठवण करतात. आजारातून बरं झाल्याबद्दल देवाचे आभार मानायचे ते गोड पोह्यांनी, हे मधुमेही माणसाला जरा गमतीचंच वाटत असेल.

या पदार्थांत शुगर-फ्री गोळ्या घालून तेच ताट पुन्हा भरायचं, हा उपाय मला पटत नाही. मलिद्यातले पोहे आणि हलव्यातला गव्हाचा चीक हा निव्वळ पिष्टमय भाग आहे. साखर काढली तरी रक्तातली साखर त्याने वाढतेच. त्यापेक्षा मलिदा जसा आहे तसाच करा आणि आजोबांना एक चमचा द्या. बरोबर पेरू किंवा सफरचंदाची फोड. किद्दुशच्या सरबतात मनुका थोड्या कमी टाका आणि पेला छोटा ठेवा. सगळ्यांनी गोड खायचं आणि एकट्याने वाटीत काकडी घेऊन बसायचं, असं ताट कुणालाही नको असतं.

एकेकाळी युरोपातले डॉक्टर मधुमेहाला "ज्यूंचा आजार"च म्हणत. ज्यूंच्या स्वभावातच, रक्तातच काही दोष आहे असं गंभीरपणे लिहिलं जाई. पुढे अमेरिकेतले प्रसिद्ध मधुमेहतज्ज्ञ एलियट जोस्लिन यांनी वंशापेक्षा वाढलेल्या वजनाकडे बोट दाखवलं. आणि इस्राएलमध्ये १९५०च्या सुमारास येमेनहून आलेल्या ज्यूंचं जे दिसलं ते तर डोळे उघडणारं होतं. नुकत्याच आलेल्यांत मधुमेह क्वचितच आढळला, पण त्याच समाजाचे जे लोक पंचवीस-तीस वर्षांपूर्वी येऊन स्थायिक झाले होते त्यांच्यात तो बराच जास्त होता. नव्या देशात त्यांच्या खाण्यात साखर वाढली होती. रक्त तेच होतं. आज भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, तेव्हा कुणी त्याला कुणा एकाचा आजार म्हणायला धजणार नाही.

शब्बाथला सुई, आणि डुकराचं इन्सुलिन

वर्षातून एकदा उपास, पण शब्बाथ दर आठवड्याला. नियम पाळणाऱ्या घरात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत विजेचं बटण दाबत नाहीत, फोन हातात घेत नाहीत. मग ग्लुकोमीटरचं काय? ज्याला इन्सुलिन लागतं त्याने तपासायचं आणि टोचायचंही. यावर रब्बींमध्ये एकमत आहे. फक्त जे आधी करता येतं ते आधी करून ठेवायचं. पट्ट्या, सुया, ग्लुकोज एका डब्यात काढून ठेवायचं, पंप किंवा सेन्सर शुक्रवारीच बघून घ्यायचा. ज्या घरात टाइप १ असलेलं लहान मूल आहे, तिथे तर ते मूल लहानपणापासून हेच पाहत मोठं होतं. पण तेरा वर्षांचा झाल्यावर मित्र पहिला मोठा उपास करतात आणि याला सांगितलं जातं, तुला करायचा नाही. तेव्हा त्याला वाईट वाटतं. त्याला समजवायला ग्रंथातला आधार उपयोगी पडतो, पण कुणीतरी आपल्यासारखंच आहे हे कळणं त्याहून उपयोगी पडतं.

इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये टोरांटोत लागला. त्यानंतर साठेक वर्षं ते गाई-बैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलं जाई. डुक्कर तर ज्यूंना अगदी वर्ज्य. पण टोचून घेणं म्हणजे खाणं नव्हे, आणि जीव वाचवणं तर सगळ्याच्या वर, त्यामुळे त्याला हरकत घेतली गेली नाही. १९८२ मध्ये जीवाणूंच्या मदतीने बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं आणि तो प्रश्नच मिटला.

इन्सुलिनच मिळालं नाही तर काय, हा प्रश्न मात्र एका ज्यू जोडप्यापुढे प्रत्यक्ष उभा राहिला होता. एवा आणि व्हिक्टर साक्सल हे प्रागचे. नाझींपासून पळून ते शांघायला पोचले, कारण त्या काळी ज्यूंना जागा देणारी शहरं फार थोडी होती. तिथे विशीतल्या एवाला मधुमेह असल्याचं निघालं. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला, शांघाय पूर्णपणे जपानी सैन्याच्या ताब्यात गेलं आणि औषधांची दुकानं बंद झाली. काळ्या बाजारात इन्सुलिन सोन्याच्या भावाने विकलं जाऊ लागलं. व्हिक्टर कापडगिरणीतला इंजिनिअर, डॉक्टर नव्हे. पण दोघांनी वैद्यकाचं एक पुस्तक मिळवलं, एका चिनी रसायनतज्ज्ञाच्या छोट्या प्रयोगशाळेत जागा मिळवली, आणि खाटीकखान्यातून म्हशींची स्वादुपिंडं आणून महिनोन्‌महिने खटपट केली. शेवटी तपकिरी रंगाचं एक औषध तयार झालं. आधी सशांवर पाहिलं. मग माणसावर पहिली सुई कुणी घ्यायची? एवाने घेतली. ती जगली, आणि त्याच औषधावर शांघायमधले इतर शेकडो मधुमेहीही तगले. युद्धानंतर अमेरिकेत गेल्यावर ती मधुमेह झालेल्या मुलांना भेटून स्वतःची गोष्ट सांगत असे. २००२ मध्ये ती गेली, साठ वर्षं मधुमेहाबरोबर काढून.

पुन्हा ठाण्यात

आपण आजोबांना जेवणाच्या ताटावर सोडून आलो होतो. समजा, या वेळी सून आधीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "काका, २५ तास पाण्याशिवाय तुम्हाला चालणार नाही. मी जबाबदारी घेणार नाही." मुलाने इस्राएलमधल्या चुलतभावाला फोन करून तिथल्या रब्बींना विचारायला सांगितलं. तिकडूनही निरोप आला, डॉक्टरांचं ऐका. आजोबा दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "ते ९ मिनिटांचं काय म्हणत होता तुम्ही?"

दारफाळणीच्या दिवशी सकाळी घरातले बाकीचे सिनेगॉगला जातात. दहा वर्षांचा नातू घरी थांबतो. त्याचं अजून उपासाचं वय झालेलं नाही. आजोबा पांढरा सदरा घालून खुर्चीत बसले आहेत, पायात नवे कापडी बूट. समोर स्टीलच्या छोट्या वाट्यांमध्ये मोजून ठेवलेली भाकरी, उकडलेलं अंडं, आणि खूण केलेला पाण्याचा कप. ते पहिल्या घासाआधीची प्रार्थना नेहमीपेक्षा सावकाश म्हणतात आणि खातात. मग पुस्तक उघडून सिनेगॉगमध्ये चाललेली प्रार्थना तिथून पुढे वाचू लागतात. नातू भिंतीवरच्या घड्याळाकडे टक लावून बसला आहे.

"आजोबा, झाली नऊ मिनिटं."

"थांब रे, एवढं पान होऊ दे."

"नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

आजोबा पानात बोट ठेवतात आणि दुसरी वाटी पुढे ओढतात.